माथिल्डचे वजन: कोळशाहून काळ्या लघुग्रहाजवळच्या २५ मिनिटांचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

१२ नोव्हेंबर १८८५. व्हिएन्नाच्या वेधशाळेत योहान पालिसा दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. लघुग्रहांच्या शोधात छायाचित्रणाचा वापर सुरू व्हायला अजून काही वर्षे होती. ताऱ्यांचा नकाशा शेजारी ठेवायचा, दुर्बिणीतले आकाश त्याच्याशी ताडून पाहायचे आणि नकाशात नसलेला एखादा ठिपका दिसला, की तो जागचा हलतो का यावर पाळत ठेवायची, अशी कामाची रीत होती. डोळ्यांच्या आणि चिकाटीच्या जोरावर पालिसांनी आयुष्यात १२२ लघुग्रह शोधले. त्या रात्री सापडलेल्या ठिपक्याला २५३ हा क्रमांक मिळाला. पॅरिस वेधशाळेतल्या लेबफ यांनी त्याच्या कक्षेचे गणित केले आणि तिथले उपसंचालक मोरित्झ लोवी यांच्या पत्नीचे नाव सुचवले. असे ‘माथिल्ड’ हे नाव यादीत आले.

पुढची शंभर वर्षे माथिल्ड म्हणजे यादीतली एक ओळ होती. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यात सूर्याभोवती ४.३ वर्षांत एक फेरी, सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या तुलनेत कधी १.९४ पट तर कधी ३.३५ पट. एवढेच.

दुर्बिणीतून दिसणारा मंद ठिपका दोन गोष्टी सांगत असतो. एकतर वस्तू लहान आणि उजळ आहे, किंवा मोठी आणि काळी. नुसत्या तेजावरून यातले कुठले खरे, ते कळत नाही. ते कळते उष्णतेवरून. काळी वस्तू ऊन परत फेकत नाही, शोषून घेते, तापते आणि ती उष्णता अवरक्त किरणांतून बाहेर टाकते. दोन्ही मोजमापे शेजारी ठेवली, की आकारही निघतो आणि काळेपणाही. माथिल्डच्या बाबतीत उत्तर आले ते असे: व्यास ६० किलोमीटरच्या आसपास आणि अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम चार टक्के परत फेकणारा पृष्ठभाग. चुलीतला विझलेला कोळसाही यापेक्षा उजळ असतो. वर्षानुवर्षे काजळी धरलेले भाकरीच्या तव्याचे बूड डोळ्यांपुढे आणा आणि तसल्या पदार्थाचा पन्नास-साठ किलोमीटरचा डोंगर अवकाशात तरंगतो आहे अशी कल्पना करा.

१९९५ मध्ये आणखी एक विलक्षण गोष्ट हाती लागली. तेजातल्या चढउतारावरून परिवलनाचा काळ काढला तेव्हा तो ४१७.७ तास भरला. म्हणजे माथिल्डचा एक दिवस आपल्या १७.४ दिवसांचा. बहुतेक लघुग्रह काही तासांत स्वतःभोवती एक गिरकी घेतात. त्यांच्यापुढे हिची चाल जवळजवळ थांबल्यासारखी. या मंदपणाचे कारण आजही पक्के झालेले नाही, आणि पुढे हाच मंदपणा मोहिमेला नडला.

मुख्य पट्ट्यातले बहुसंख्य लघुग्रह असेच काळे, कर्बयुक्त म्हणजे ‘सी’ वर्गातले आहेत. तरीही १९९६ पर्यंत त्यांतला एकही जवळून पाहिलेला नव्हता. गॅलिलिओ यान १९९१ मध्ये गॅस्प्राजवळून आणि १९९३ मध्ये आयडाजवळून गेले होते, पण ते दोघेही उजळ, खडकाळ जातीचे. घरात शंभर माणसे असावीत आणि त्यांतल्या अगदी थोड्यांनाच भेटून सगळ्या घराविषयी मत बनवावे, तशी लघुग्रहांच्या अभ्यासाची अवस्था होती.

अडचण

१७ फेब्रुवारी १९९६ रोजी अमेरिकेचे ‘निअर’ यान निघाले ते इरॉस या पृथ्वीजवळच्या लघुग्रहाकडे. माथिल्ड हे मोहिमेचे मूळ उद्दिष्ट नव्हते. मार्गाची आखणी करणारे रॉबर्ट फार्कर आणि त्यांचे सहकारी वाटेत आणखी कोणी भेटते का हे चाळून पाहत होते. यान माथिल्डच्या फार लांबून जाणार नाही, असे त्यांच्या लक्षात आले. यानाच्या वेगात सेकंदाला सुमारे ५७ मीटरचा बदल केला, तर ते तिच्या अगदी जवळ नेता येत होते.

ऐकायला सोपे वाटते. अडचणी एकमेकींत गुंतलेल्या होत्या.

पहिली अडचण विजेची. निअर सौर तावदानांवर चालणारे यान होते आणि भेट होणार होती सूर्यापासून पृथ्वीच्या दुप्पट अंतरावर. तिथे ऊन चौथाईच उरते. त्यात यानाची रचना अशी, की तावदाने, अँटेना आणि कॅमेरा सगळेच सांगाड्याला घट्ट बसवलेले. कॅमेरा वळवायचा म्हणजे अख्खे यान वळवायचे, आणि यान वळले की तावदानांचे तोंड सूर्यापासून फिरते.

दुसरी अडचण दिशेची. यान माथिल्डच्या अंधाऱ्या बाजूने येत होते. जवळ येताना ती आकाशात सूर्यापासून अवघी ४० अंशांवर होती आणि तिची बारीकशी कोरच उजळलेली. तिच्याकडे कॅमेरा धरला की तावदाने सूर्यापासून ५० अंश कलणार. आधीच चौथाईवर आलेले ऊन आणखी तिरपे पडणार.

तिसरी अडचण ठिकाणाची. माथिल्ड कुठे आहे हे पृथ्वीवरून केलेल्या वेधांवरून माहीत होते, पण त्यात चूक होतीच. कॅमेऱ्याची चौकट लहान. अंदाज थोडा चुकला तरी सगळे फोटो कोऱ्या आकाशाचे निघाले असते.

चौथी अडचण वेगाची. यान सेकंदाला जवळजवळ १० किलोमीटर वेगाने शेजारून निसटणार होते. चित्र घ्यायला हाती असलेला वेळ सुमारे २५ मिनिटांचा. तेवढ्यात माथिल्ड स्वतःभोवती अर्धा अंशसुद्धा फिरत नाही. नेहमीचा लघुग्रह असता तर जवळ येताना आणि दूर जाताना त्याने आपली पाठही थोडीफार दाखवली असती. हिच्याकडून ती अपेक्षाच नव्हती.

पर्याय

पहिला पर्याय माथिल्डचा नाद सोडण्याचा. तो अविचाराचा मुळीच नव्हता. खरे काम इरॉसवर होते. यानाचे मुख्य इंजिन जुलै १९९७ मध्ये, म्हणजे माथिल्डच्या भेटीनंतर काही दिवसांतच, पहिल्यांदा जोरात चालवायचे होते. अशा वेळी आडवाटेच्या भेटीसाठी यानाला विजेच्या ताणाखाली वाकडे धरणे कोणालाही धोक्याचे वाटले असते. एका यानावर अनेक वर्षांचे काम अवलंबून असते, तेव्हा ‘नको’ म्हणणाऱ्यांचे म्हणणे मी नेहमी आधी ऐकतो. इथेही तो पर्याय खराच होता, नुसता कागदावर भरलेला नव्हता.

दुसरा पर्याय सगळी उपकरणे चालू ठेवून जाण्याचा. वीज पुरत नव्हती म्हणून तो बाद झाला, हे खरेच. पण वीज असती तरी त्यातून किती मिळाले असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. लेझरने अंतर मोजणारे उपकरण इरॉसच्या अगदी जवळून फिरताना वापरायचे होते. क्ष-किरण आणि गॅमा किरणांनी मूलद्रव्ये ओळखणाऱ्या उपकरणांना एका जागी बरेच दिवस लागतात. धावत्या भेटीत या दोन्हींचा उपयोग नव्हता. खरे नुकसान एकाच उपकरणाचे होते, ते म्हणजे अवरक्त वर्णपटमापकाचे. माथिल्डच्या पृष्ठभागावर कोणती खनिजे आहेत, हे त्यानेच जवळून सांगितले असते.

तिसरा पर्याय एकाच उपकरणावर, कॅमेऱ्यावर, भिस्त ठेवण्याचा. त्याच्या जोडीला रेडिओ होताच, कारण पृथ्वीशी बोलण्यासाठी तो लागतोच.

या तिसऱ्या पर्यायातच आणखी एक निवड दडलेली होती: किती जवळून जायचे? वजन मोजण्याच्या दृष्टीने जितके जवळ तितके चांगले. माथिल्डच्या ओढीने यानाचा मार्ग वाकणार, आणि अंतर निम्मे केले की वाकणे दुप्पट होते. पण जवळून जाताना लक्ष्य झरझर सरकते. १,२०० किलोमीटरवरून जाताना माथिल्डवर नजर रोखून धरायची, तर सगळे यान सेकंदाला जवळजवळ अर्धा अंश फिरवावे लागते. ६०० किलोमीटरवरून हा वेग दुप्पट झाला असता. शिवाय ठिकाणाच्या अंदाजातली तीच चूक कॅमेऱ्याला दुप्पट मोठी भासली असती.

निर्णय आणि कृती

सुमारे १,२०० किलोमीटरवरून जायचे, फक्त कॅमेरा चालवायचा आणि भेटीच्या आधी व नंतर रेडिओवरून यानाच्या वेगाची बारकाईने नोंद ठेवायची, असे ठरले.

कॅमेऱ्याने नेमके काय करायचे, हेही आधीच ठरवून यानाला देऊन ठेवावे लागले. पृथ्वीवरून आज्ञा द्यायची, उत्तर यायची वाट पाहायची आणि मग दुरुस्ती करायची, एवढी सवडच नव्हती. म्हणून माथिल्ड ‘असू शकेल’ तो आकाशाचा सगळा तुकडा चौकटी जोडत विंचरून काढायची आखणी झाली. काही चौकटी रिकाम्या जाणार हे धरूनच ती केली होती. शेतात हरवलेली अंगठी शोधताना माणूस वाफ्यामागून वाफा चाळत जातो, तशीच ही पद्धत.

२७ जून १९९७ रोजी निअर माथिल्डपासून १,२१२ किलोमीटर अंतरावरून, सेकंदाला ९.९३ किलोमीटर वेगाने गेले. पाचशेहून अधिक चित्रे यानाच्या स्मृतीत साठली आणि यान पुन्हा सूर्याकडे वळल्यावर ती एकेक करून पृथ्वीकडे आली. त्यातल्या काहींत नुसते काळे आकाश होते. बाकीच्यांत माथिल्ड होती.

रेडिओच्या बाजूला जे घडले ते मला चित्रांहूनही मोलाचे वाटते. यान दूर जात असले की त्याच्या रेडिओलहरी किंचित ताणल्या जातात आणि त्या ताणावरून त्याचा वेग कळतो. माथिल्डच्या ओढीमुळे यानाच्या वेगात पडलेला फरक सेकंदाला एका मिलिमीटरच्या आसपास होता. सेकंदाला १० किलोमीटर धावणाऱ्या यानाच्या वेगात एक मिलिमीटर! डोनाल्ड योमन्स यांच्या गटाने तो फरक लहरींच्या नोंदींतून वेचून काढला आणि माथिल्डचे वस्तुमान मिळाले: एकावर १७ शून्ये इतके किलोग्रॅम, त्यात साधारण चार टक्के कमीजास्त.

निष्पत्ती

चित्रांत पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ती विवरे. माथिल्डची लांबी-रुंदी-उंची ६६, ४८ आणि ४६ किलोमीटर, आणि तिच्या दिसलेल्या बाजूवर २० किलोमीटरहून मोठी किमान पाच विवरे. सर्वांत मोठे ‘कारू’ ३३ किलोमीटरचे, म्हणजे माथिल्डच्या सरासरी त्रिज्येहूनही मोठे. एका चित्रात तर लघुग्रहाच्या मधोमध एक अजस्र काळी पोकळी दिसते. कडेवर ऊन, आत पूर्ण सावली, तळ दिसतच नाही. दाताखाली धरून फळाचा मोठा लचका तोडावा तशी.

अशा आकाराच्या आघाताने साधा खडक तुकडे तुकडे होऊन उधळला असता. निदान आधीची विवरे तरी पुसली गेली असती. माथिल्डवर तसे काहीच दिसले नाही. एका विवराशेजारी दुसरे अखंड उभे आहे, कडा शाबूत. आघातातून उडालेला मलबा आजूबाजूला पसरल्याच्या खुणाही मिळाल्या नाहीत.

याचे उत्तर वजनात होते. चित्रांवरून आकारमान काढले, वस्तुमान हातात होतेच. भागाकार केल्यावर घनता आली १.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. पाण्याहून थोडीशीच अधिक. ज्या कर्बयुक्त उल्कापाषाणांशी माथिल्डचा रंग जुळतो, त्यांची घनता याच्या जवळजवळ दुप्पट भरते. पदार्थ तोच आणि वजन निम्मे, म्हणजे आतली निम्मी जागा रिकामी. पुरणयंत्रातून चेचून निघालेल्या गोळ्यासारखी ती घट्ट नाही, चुरमुऱ्याच्या पोत्यासारखी सैल भरलेली आहे. अशा सैल देहावर आघात झाला की धक्क्याची लाट दूरवर पोचत नाही. पोकळ्या दबतात आणि ऊर्जा तिथेच जिरते. १९९९ मध्ये हाउसेन, होल्सॅपल आणि व्हॉस यांनी सच्छिद्र पदार्थावर अपकेंद्री, म्हणजे वेगाने गरगर फिरणाऱ्या, यंत्रात आघात घडवून हे दाखवले. अशा पदार्थात खड्डा मुख्यतः दबण्यातून तयार होतो आणि मलबा फारसा बाहेर उडत नाही.

आणखी एक निष्कर्ष तितकाच बोलका आहे. रंगीत फिल्टरमधून पाहिले तरी माथिल्ड सगळीकडे सारखीच काळी निघाली. कैक किलोमीटर खोल खणलेल्या विवरांच्या भिंतीही तेवढ्याच काळ्या. काळेपणा वरच्या थराला चढलेला नसून आतपर्यंत तोच आहे, हे त्या खड्ड्यांनीच उघडे करून दाखवले.

तिचा काळेपणा लक्षात घेऊनच विवरांना जगातल्या कोळशाच्या खोऱ्यांची नावे दिली गेली. कारू दक्षिण आफ्रिकेतले, इशिकारी जपानमधले, कुझ्नेत्स्क रशियातले. आणि एकाचे नाव आहे ‘दामोदर’, झारखंड आणि पश्चिम बंगालमधल्या आपल्या कोळशाच्या खोऱ्यावरून. आजवर लघुग्रहांवर जेवढे वाचले, त्यात हे नाव भेटले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यांत पहिली शंका सुचते ती अंतराची. आणखी जवळून जायला हवे होते का? जवळून गेले असते तर वस्तुमान अधिक नेमके कळले असते, हे खरे. पण घनतेतली अनिश्चितता पाहा: १.३, त्यात ०.२ कमीजास्त. म्हणजे सुमारे पंधरा टक्के. वस्तुमानातली चूक मात्र चार टक्क्यांची. घनता अडली ती आकारमानापाशी, कारण माथिल्डची जवळपास चाळीस टक्के पाठ कोणी पाहिलेलीच नाही. न दिसलेल्या बाजूचा आकार अंदाजाने धरावा लागला. त्यामुळे अंतर निम्मे करून रेडिओचे मोजमाप दुप्पट धारदार केले असते तरी घनतेचा आकडा फारसा सुधारला नसता, आणि चित्रे हुकण्याची जोखीम मात्र वाढली असती. माझ्या मते १,२०० किलोमीटरचा निर्णय बरोबर होता. वजन तोलताना काटा कितीही नाजूक असला तरी पोते केवढे हे माहीत नसेल तर भाव ठरत नाही.

पाठ दिसण्याचा उपाय मात्र वेगळा होता, आणि तो यानावर नव्हताच, पृथ्वीवर होता. परिवलनाचा काळ १९९५ मध्येच कळलेला होता. भेटीच्या वेळी कोणती बाजू उजेडात असेल, हे ठरवणे भेटीच्या तारखेवर अवलंबून असते. इरॉसकडे जायच्या ठरलेल्या मार्गाने ती तारीख जवळजवळ बांधलेली होती, त्यामुळे फेरफाराला वाव नव्हता. पण आकार अधिक पक्का करायचा तर जमिनीवरच्या दुर्बिणींतून आणखी काही विरोधी स्थितींत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता माथिल्ड सूर्याच्या विरुद्ध दिशेला असताना, तेजाच्या नोंदी घेत राहणे शक्य असते. एका फेरीला १७ दिवस लागतात, म्हणून एका दुर्बिणीने रात्रीमागून रात्र पाहिले तरी चालते. घाईचे काम नाही, चिकाटीचे आहे. पालिसांच्या पिढीचे.

वर्णपटमापक बंद ठेवण्याबद्दल मात्र मला आजही हळहळ वाटते. थोडा वेळ तरी तो चालवता आला असता का, हा प्रश्न मनात येतो. ऊन चौथाई, त्यात तावदाने ५० अंश कललेली: हिशेब मांडला की पृथ्वीजवळ मिळणाऱ्या विजेच्या सहाव्या भागाएवढीच वीज उरते. त्यात यान जिवंत ठेवायचे, फिरवायचे, कॅमेरा चालवायचा. निर्णय घेणाऱ्यांनी ते उपकरण बंद ठेवले याचा दोष देता येत नाही. सुधारणा करायचीच असती तर ती यानाच्या आराखड्यात करायला हवी होती. कॅमेरा फिरत्या मंचावर असता तर तावदाने सूर्याकडेच राहिली असती. पण तशा मंचाने वजन, खर्च आणि बिघडण्याच्या जागा वाढल्या असत्या, आणि निअरची सगळी मदार कमी खर्चावर होती.

आणि पहिला पर्याय, माथिल्डला सोडून देण्याचा? डिसेंबर १९९८ मध्ये इरॉसजवळ पोचताना मुख्य इंजिनाचे प्रज्वलन मध्येच थांबले, यान गडबडले, इंधन वाया गेले आणि इरॉसभोवती फेरी धरायला फेब्रुवारी २००० उजाडले. त्या दिवशी कोणाच्या मनात माथिल्डसाठी खर्चलेले सेकंदाला ५७ मीटर आले नसतील, असे मला वाटत नाही. पण उरलेले इंधन पुरले. यान इरॉसभोवती वर्षभर फिरले आणि १२ फेब्रुवारी २००१ रोजी त्याच्यावर उतरलेसुद्धा. माथिल्डची भेट त्यातून वजा केली असती तर काळ्या लघुग्रहांविषयी पुढची कितीतरी वर्षे आपण दुर्बिणीच्या ठिपक्यांवरच बोलत राहिलो असतो. नंतर जपानच्या हायाबुसा-२ यानाने र्‍युगूवर आणि अमेरिकेच्या ओसायरिस-रेक्स यानाने बेन्नूवर पाहिलेली घनता १.२ ग्रॅमच्या आसपास निघाली. ते दोन्ही लघुग्रहही काळेच, पण पृथ्वीजवळचे आणि किलोमीटरभर किंवा त्याहूनही लहान आकाराचे. पन्नास किलोमीटरचा देहही इतका सैल असू शकतो, हे त्यांच्या खूप आधी माथिल्डनेच सांगितले होते.

तिच्याजवळ त्यानंतर कोणी गेलेले नाही. ‘दामोदर’ आणि ‘कारू’ असलेली बाजू तेवढी आपल्या नकाशात आहे. दुसरी बाजू १७.४ दिवसांतून एकदा उन्हात येते आणि परत अंधारात जाते.